कोरेगावच्या बाजारातलं बंदर

मी समुद्र पाहिलेला नाही. तरीही चव्वेचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात साऱ्या कोरेगाव तालुक्यात समुद्राचा जाणकार म्हणून माझं नाव घेतलं जात होतं, आणि याला कारण एक पडदा.

मी तिथल्या इंग्रजी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी मी एक पडदा रंगवला. त्यात निळं पाणी, पाण्यावर गलबत आणि गलबतावर पांढरे पक्षी होते. पक्षी कृष्णाकाठच्या बगळ्यांवरून घेतले होते आणि पाणी शाळेच्या विहिरीवरून. पहिल्या रांगेत बसलेल्या एका अधिकाऱ्यांना तो पडदा बघून मळमळल्यासारखं झालं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. मी ती दाद समजलो. अजूनही समजतो.

पुढच्याच आठवड्यात युद्धमदत समितीचे चिटणीस घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "शेंडे, आपल्या भागातली पोरं आता पलटणीबरोबर बोटीवरही जायला लागलीत. कुणी आरमारात, कुणी मालाच्या बोटीवर. त्यांच्यासाठी आरोग्याची चित्रं हवीत. कापडावर, मोठी. सांगलीहून डॉक्टर येऊन भाषण देतील. तुम्ही फक्त चित्रं काढायची."

बोटीवरचं आरोग्य म्हणजे बोट लागणं, हे उघड होतं. मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो. बोटीच्या कठड्यावरून वाकलेला खलाशी आणि त्याच्या हातात लिंबू. लिंबाचा पिवळा मला फार छान साधला. अंजना, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "लिंबू त्याच्या डोक्याएवढं झालंय." कलेत महत्त्वाची वस्तू मोठी काढतात, हे मी तिला लग्नापासून समजावत आलो आहे.

चित्र वाळतं न वाळतं तोच समितीचं इंग्रजी पत्रक आलं. पहिल्याच ओळीत विषय दिला होता. त्याचं मराठी असं: 'खलाशांमधील व्ही. डी. चा प्रतिबंध.'

आता माझं नाव विनायक दत्तात्रय शेंडे. शाळेत मला सगळे व्ही. डी. सर म्हणतात. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मी अजून एकाही खलाशाला भेटलो नव्हतो आणि सरकारनं माझा प्रतिबंध करायला घेतला होता. पुढे तर लिहिलं होतं की व्ही. डी. मुळे बोटीच्या बोटी निकामी होतात. एका ड्रॉइंग मास्तराविषयी इतकी धास्ती सरकारला का वाटावी, हे मला कळेना.

आमचे घरमालक लालासाहेब पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण सरकारी अक्षरं पाठ होती. मी पत्रक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते हातात घेतलं, व्ही. डी. वर बोट ठेवलं, उठून खिडकी लावली आणि सुनेला हाक मारून सांगितलं की कुणाला आत सोडू नको.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "ही गरमी. आन् परमा. बाईकडं गेल्यावर हुतो त्यो आजार. तुमी ह्यात कुटं घुसलासा?"

मी म्हणालो, "मी लिंबू काढलंय."

"लिंबानं न्हाई जायाचा त्यो," लालासाहेब गंभीरपणे म्हणाले.

नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. चिटणीसांनी कापड पाठवलं होतं, रंग पाठवले होते, आणि युद्धाच्या दिवसांत रंग मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं वर्षभर पोरांना नुसत्या पेन्सिलीवर चित्रकला शिकवली त्यालाच कळेल. पण ज्याचं चित्र काढायचं त्याची माहिती तर हवी. म्हणून एका रविवारी मी गाडीनं सांगलीला, भाषण देणार होते त्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉ. महावीर चौगुले सांगलीचेच. घरची शेती, पेठेत घराण्याचं हळदीचं दुकान, आणि हे एकटे डॉक्टर होऊन दोन वर्षं बोटीवर काढून आलेले. दवाखान्यात दोन बाकं होती. एकावर खोकणारी मंडळी बसली होती. दुसऱ्यावर मोकळी जागा होती, म्हणून मी तिथे बसलो. त्या बाकावर बसलेले दोघेतिघे भिंतीकडे तोंड करून का बसलेत, याचा मी विचार केला नाही. तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी त्रिशलाबाई बाहेर आल्या. औषधं देण्याचं काम त्या करत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात विचारलं, "तुम्हाला कधीपासून त्रास होतोय?"

"मला त्रास नाही," मी म्हणालो. "मी व्ही. डी. शेंडे."

"व्ही. डी. कळलं," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

समोरच्या बाकावर खोकणाऱ्यांत आमच्या साडूचे वडील होते. त्यांचा खोकला तिथल्या तिथे थांबला. मी नमस्कार केला. त्यांनी नमस्कार घेतला, पण हात अंगाशी धरून.

डॉक्टरांनी मात्र मला आत नेऊन अगदी सरळ समजावलं. असा सरळ बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. कोथिंबिरीचा भाव सांगावा तशा आवाजात ते शरीराच्या भागांची नावं घेत. मी त्यांच्या टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघत राहिलो.

"लोकांना तीन गोष्टी सांगायच्या," ते म्हणाले. "एक, जाऊ नका. दोन, गेलातच तर रबराची टोपी वापरा, बोटीवर ती फुकट मिळते. तीन, काही झालंच तर लपवू नका, लगेच डॉक्टरकडे या आणि औषध पुरं करा. पहिली गोष्ट सगळेच सांगतात. दुसरी कुणी सांगत नाही. आणि तिसरी न सांगितल्यामुळे माणसं जातात. नुसती ती नाहीत, त्यांच्या बायका जातात, पोटातली मुलं जातात."

"मुलं?" मी दौतीवरून नजर काढली.

"गर्भातच जातात. एकामागून एक. आणि दोष बाईला." त्यांनी चष्मा पुसला. "हे सगळं चित्रांत आलं पाहिजे, शेंडे."

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. लिंबाचं चित्र डोक्यातून पार गेलं होतं.

मी झटून कामाला लागलो. पहिल्या चित्रात बोट बंदराला लागते. दुसऱ्यात गल्ली, गल्लीत तांबडा दिवा, दिव्याखाली दार, दारात बाई. तिसऱ्यात खलाशी डॉक्टरकडे जातो. चौथ्यात तो जात नाही, त्याची दशा. पाचव्यात खलाशी घरी, बायको, मांडीवर गुटगुटीत मूल.

कापडं मोठी असल्यामुळे ती ओसरीवरच टांगावी लागली, आणि ओसरीवरून सारी गल्ली जाते. समोरच्या मनुबाई सकाळी दूध घालायला आल्या आणि दुसऱ्या चित्रासमोर थांबल्या.

"मास्तर, ह्या दारातल्या बाईचं नाक लालासायबांच्या व्हैनीवाणी हाय," त्या म्हणाल्या आणि दूध घालून पुढच्या घरी गेल्या.

माझी अडचण अशी, की मला न पाहिलेला चेहरा काढता येत नाही. तासाभरात लालासाहेब काठी टेकत आले. त्यांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, भाडं वाडवत न्हाई मी. पर नाक बदला."

मी नाक बदललं. आता ती बाई मुख्याध्यापकांच्या बहिणीसारखी दिसू लागली. तेव्हा मी तिचं तोंड पलीकडे वळवलं. अंजना म्हणाली, "पाठमोरी जास्तच वाईट दिसते." मग मी बाई काढूनच टाकली. नुसतं दार उरलं. गल्लीतल्या एका गृहस्थांनी दार उघडं असण्यालाही हरकत घेतली, म्हणून ते बंद केलं. चौथ्या चित्रातली जखम मी फडक्यानं झाकली, आणि फडकं नको त्या ठिकाणी येतं म्हणून शेवटी ते त्याच्या कपाळाला बांधलं. रबराच्या टोपीचं चित्र काढायचं धाडस मी एका दुपारी दार लावून केलं. संध्याकाळी अंजनानं ते पाहून विचारलं, "ही दुधाची बाटली कुणाची?" मी तिला खरं सांगितलं. ती चित्राच्या जवळ गेली. मग एवढंच म्हणाली, "राहू दे. झाकू नका." आमच्या गल्लीतून त्या चित्रमालिकेला मिळालेला हा एकमेव आधार.

इकडे समितीनं जाहिराती छापल्या आणि गावभर चिकटवल्या. शाळेच्या भिंतीवर, स्टेशनवर, पिंपळाच्या बुंध्यावर मोठ्या अक्षरांत होतं: 'व्ही. डी. पासून सावध राहा. व्ही. डी. गुपचूप येतो. एकदा गाठ पडली की जन्माचं नुकसान.' आणि खाली, बारीक टायपात, 'चित्रे : व्ही. डी. शेंडे.'

पोरांनी मला पाहून बाजूला व्हायला सुरुवात केली. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दोन मुलींच्या वडिलांनी निरोप पाठवला की सध्या चित्रकलेची घाई नाही. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली की काहीतरी वाईट असतं.

"शेंडे, तुमच्या नावात काही फेरफार करता येईल का?"

"वडिलांनी ठेवलेलं नाव आहे, सर."

"मग वडिलांचंच गाळा. नुसतं व्ही. शेंडे."

अठ्ठावीस रुपये पगारासाठी वडील गाळणारा माणूस मी नव्हे, असं मी म्हणणार होतो. प्रत्यक्षात 'बघतो' म्हणालो आणि बाहेर आलो.

भाषण बाजाराच्या दिवशी ठेवलं होतं, म्हणजे खेड्यापाड्यांतून रजेवर आलेली पोरं आपोआप येतील. दवंडीवाल्याला 'बोटीवरच्या लोकांसाठी आरोग्याचं भाषण' एवढं लांब वाक्य झेपलं नाही. त्यानं 'बोटीचा खेळ, फुकट' अशी दवंडी दिली. त्यामुळे दुपारी माझी कापडं बांबूंना बांधून होईतो सगळा बाजार समोर येऊन बसला. रजेवरचे शिपाई, खलाशी, त्यांचे बाप, चुलते, गुळाचे व्यापारी. आणि डाव्या बाजूला, घेवड्याची पोती मागे टाकून आलेल्या बायका. त्यांच्या पुढे बनुबाई.

बनुबाईंना सगळा बाजार ओळखत होता. जवळच्याच एका खेड्यातल्या, विधवा, स्वतः शेती करणाऱ्या. त्यांचा घेवडा कुणी हात लावून उलटापालटा केला तर त्या त्याला सगळं पोतं विकत घ्यायला लावत. बाजूला एक तरुण मुलगी पदर पुढे ओढून बसली होती. ती त्यांच्या धाकट्या दिराची लेक, राही. आई लहानपणीच गेल्यामुळे बनुबाईंनीच तिला वाढवलेली. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि त्या दिवशी बाजाराला येण्याचं कारणही लग्नाचे कपडे हेच होतं.

सगळे आले, डॉक्टर मात्र आले नाहीत. लष्कराच्या गाड्यांना वाट देण्यासाठी त्यांची गाडी रहिमतपूरला थांबवून ठेवल्याचा निरोप आला. चिटणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे माझीच चित्रं होती.

"तुम्हीच सुरू करा, शेंडे. चित्रं तुमचीच आहेत."

मी छडी हातात घेतली. एवढ्या मोठ्या जमावापुढे मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि या विषयावर तर एका माणसापुढेही नाही. पहिलं चित्र सोपं गेलं. "ही बोट," मी म्हणालो. लोकांना ते पटलं. दुसऱ्या चित्रावर छडी ठेवली. "हा दिवा."

"कशाचा?" बनुबाईंनी विचारलं.

"तांबडा दिवा. खलाशानं याच्या जवळ जायचं नाही."

"बंद दार हाय की. कोन जातंय बंद दारात?"

"उघडंही असतं कधी कधी," मी म्हणालो.

"टेसनावरबी तांबडा दिवा असतुया," एक म्हातारा म्हणाला. "गाडी थांबती तितं. बोटबी थांबत आसंल."

हे सगळ्यांना पटलं. मी घाईनं चौथ्या चित्राकडे वळलो. कपाळाला फडकं बांधलेला माणूस पाहून मागून कुणीतरी म्हणालं की डोकं दुखत असेल तर सुंठ उगाळून लावावी. पोटॅशच्या जांभळ्या औषधी पाण्यानं धुण्याबद्दल मी काहीतरी बोललो. लोक समजले, हातपाय. लंगोटी, शुचिता, परक्या मुलखातली हवा, असे काहीबाही शब्द माझ्या तोंडून निघत होते, आणि समोरची माणसं शाळेतली मुलं बसतात तशी, म्हणजे काही न कळता, शहाण्यासारखी बसली होती.

तेव्हा मागच्या रांगेतून एक उंच, काळासावळा तरुण उभा राहिला.

"मास्तर," तो शांतपणे म्हणाला, "दिवा झ्याक काडलाय. पर दिव्याखाली गेल्यावर काय हुतं त्ये कवा सांगनार?"

तो गर्दीतून वाट काढत पुढे आला. कुणीतरी 'हंबीरराव हाय त्यो, बोटीवरचा' असं म्हणालं. बनुबाईंनी मान वर केली. राहीनं पदर आणखी पुढे ओढला. हाच तो, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याचा चुलता जोतीराम त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढत होता. त्यानं चुलत्याचा हात हळूच सोडवला आणि माझ्या हातातून छडी घेतली.

"म्या आगवाला हाय," तो लोकांकडे वळून म्हणाला. "बोटीच्या पोटात कोळसा टाकतू. म्हैनं म्हैनं नुसतं पानी. मग बंदार येतं. पगार हातात असतुया, दोस्त सोबत असत्यात. हे दार बंद नसतं. दारात बाई असती, तीबी पोटासाटीच हुबी असती. म्या गेलो."

गुळावरच्या माश्या ऐकू येत होत्या.

"मग जखम झाली. लाजंच्या जागी. दुकत नव्हती. चार दिसांनी आपसूक बुजली. म्या म्हनलं, जोतिबा पावला. त्यो पावला नव्हता, रोग आत शिरला हुता. म्या गप बसलो. आमच्या बोटीवर म्हातारा सारंग, खलाशांचा मुकादम, हुता, त्योबी तरनेपनी असाच गप बसला हुता. त्याचं डोळं गेलं. त्याला हाताला धरून बोटीवरनं उतरवला, तवा म्या डागतरकडं गेलो." त्यानं छडी माझ्या बाटलीसारख्या चित्रावर ठेवली. "हे रबार. बोटीवर फुकट देत्यात. म्या हसून फेकून दिल्तं. ज्यांनी वापरलं ती पोरं धडधाकट हायती. मास्तर, हे चित्र बरूबर काडलंयसा. हेच मोटं काडायचं हुतं."

त्यानं छडी खाली ठेवली. आता जे बोलायचं होतं त्याला छडी लागणार नव्हती.

"माझ्या सुया अजून पुऱ्या झाल्या न्हाईत. डागतर म्हनला, रगत साफ झाल्याबिगर लगीन करू नगं. घरात सांगितलं, तर चुलता म्हनला, गप ऱ्हा, कुनाला कळतंय. ज्यांच्या घरात सोयरीक झालीया ती मानसं हितंच बसल्याती. त्यास्नी मी सांगतू. लगीन आता व्हनार न्हाई. त्यांनी पोरगी दुसरीकडं दिली, तरी माझा राग न्हाई."

जोतीराम डोक्याला पागोटं घट्ट दाबून गर्दीतून निघून गेला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे बनुबाईंकडे पाहत होते. मी विचार करत होतो, की एवढा मोठा उंच माणूस इतक्या लोकांसमोर उभा राहून असं बोलतो आणि कुठे अडत नाही. माझी गाडी तर नुसत्या दिव्यापाशी अडली होती.

याच वेळी रहिमतपूरहून गुळाच्या गाडीत बसून डॉ. चौगुले येऊन पोचले. कोटाला गूळ, गुळाला माश्या. ते कडेला उभे राहून शेवटचं ऐकत होते. बनुबाई सावकाश उठल्या. त्यांनी हंबीररावाकडे पाहिलंच नाही.

"तुमी डागतर?"

"होय, बाई."

"माझा मालक पैल्या लढाईत बसऱ्याला गेलता. आला तवा धड हुता. मागनं माझी चार लेकरं गेली. तीन पोटातच. एक जल्मून रडलंबी न्हाई. मी देवरुशी केलं, उपास केलं, खंडोबाला अनवानी गेले. सासू म्हनली, हिची कूस नासकी हाय. समदं गाव म्हनलं. मीबी म्हनले." त्यांचा आवाज चढला नव्हता, की उतरला नव्हता. "ह्यो त्योच आजार का?"

कोटावरच्या माश्या हाकलायचं डॉक्टरांनी सोडलं.

"असू शकेल, बाई," ते म्हणाले. "बहुतेक तोच. आज खात्रीनं सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच आहेत. आणि तसं असेल तर दोष तुमचा नव्हता."

"माझा नव्हता," बनुबाई म्हणाल्या.

"नव्हता."

त्या तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चेहरे पाहून ते कागदावर उतरवणं हा माझा धंदा, पण तो चेहरा मला कधीही काढता येणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. वीस-बावीस वर्षं डोक्यावर असलेलं ओझं माणूस उतरवतो आणि तरी मान ताठच राहते, कारण मानेला तीच सवय असते. बायकांच्या गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. ती दुसरीच कुणी होती, आणि तिच्यापाठोपाठ आणखी एक.

मग बनुबाई हंबीररावाकडे वळल्या. "किती दिस लागतील ह्याला बरं व्हायाला?"

"वर्षभर सुया, न चुकता," डॉक्टर म्हणाले. "मग रक्त तपासून बघायचं."

बनुबाईंनी राहीला विचारलं, "काय गं?"

"थांबू," राही म्हणाली.

"माझ्या भिडंनं म्हनतीस?"

"न्हाई. माझं मी म्हनतीया." तिनं पदर थोडा मागे घेतला आणि एकदाच हंबीररावाकडे पाहिलं. "ह्यांनी सांगितलं तरी. बाकी कोन सांगतंय."

डॉक्टरांनी भाषण दिलंच नाही. ते एका पोत्यावर बसले आणि रजेवरची पोरं एकेक करून त्यांच्याजवळ जाऊन खाली वाकून बोलू लागली. लालासाहेब त्या पोरांना रांगेत उभं करत होते. तो त्यांचा पिंडच होता. चिटणीस मला म्हणाले, "कार्यक्रम छान झाला, शेंडे." मी कापडं गुंडाळत होतो. मी त्यात काय केलं होतं? दिवा काढला होता. पण सभा संपल्यावर ज्यांनी आदल्या दिवशी मला पाहून रस्ता ओलांडला होता, ते गृहस्थ आपणहून बांबू सोडायला आले.

चार दिवसांनी घरी आलो तर ओसरीवर खेड्यातल्या पाचसहा बायका बसलेल्या. मला पाहून उठल्या नाहीत, कारण त्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या. अंजनानं मला बाहेरच थांबवलं. "बायकांना विचारायचंय," ती म्हणाली. "त्यांना कुणी विचारू देत नाही." तिनं त्रिशलाबाईंना सांगलीहून आधीच बोलावून घेतलं होतं. आमच्या माजघरात बायकांची बैठक भरली, आणि मी व लालासाहेब दोघे बाहेर दगडावर बसून होतो. लालासाहेब म्हणाले, "आमच्या पलटनीत हे समदं बाप्यांनाच सांगायचं. घरच्यांना सांगावं, हे कुना सायबाला सुचलं न्हाई बगा." आतून बराच वेळ कुजबूज येत होती. मग एकदम सगळ्या जणी हसल्या. कशावर ते मी अंजनाला पुष्कळदा विचारलं. तिनं सांगितलेलं नाही.

हंबीररावानं ते वर्ष जमिनीवर काढलं. डॉक्टरांनी त्याला सांगलीत ओळखीच्या तेलाच्या घाण्यावर इंजिनपाशी काम लावून दिलं आणि दर आठवड्याला सुई टोचली. औषध कडक होतं. तो वाळला, पिवळा पडला, केस गेले, पण सुई चुकवली नाही. सणासुदीला बनुबाई त्याच्यासाठी घेवड्याची पिशवी पाठवत. निरोप कधी पाठवला नाही. लढाई संपली. रक्त साफ आल्याचं डॉक्टरांनी स्वतः कोरेगावला येऊन सांगितलं, आणि लग्न झालं. जोतीराम चुलता लग्नात सगळ्यांच्या पुढे होता आणि हे सगळं आपल्याच सल्ल्यानं झाल्याचं पाहुण्यांना सांगत होता. त्याला कुणी अडवलं नाही.

लग्नानंतर हंबीररावाला पुन्हा बोटीवर बोलावणं आलं. त्याच्याबरोबर गावातली आणखी तिघं नवी पोरं निघाली होती. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. अर्धा तालुका गोळा झाला होता. राही थोडी मागे उभी होती. गाडी आली, पोरं चढली, आणि बनुबाई डब्याच्या खिडकीपाशी गेल्या.

"पावनं," त्यांनी विचारलं, बाजारात भाव विचारावा तशा आवाजात, "त्ये रबार घेतलंयसा का? आन् ह्या पोरांना दावलंय का?"

फलाटावरचे सगळे पुरुष रुळांकडे बघू लागले. स्टेशनमास्तरांना एकाएकी काहीतरी आठवलं आणि ते आत गेले. नव्या पोरांपैकी एक जण बाकाखाली काहीतरी शोधू लागला. मी मात्र मान खाली घातली नाही. मला ते दोघे बघायचे होते.

"ह्या पोरांना दावलंय, मामी," हंबीरराव म्हणाला. मग हसून, जरा समजावल्यासारखं म्हणाला, "पर माझं आता लगीन झालंय की."

बनुबाईंनी खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"माझ्या मालकाचंबी झालं हुतं," त्या म्हणाल्या.

हंबीररावानं हसणं थांबवलं. त्यानं वळून वर ठेवलेली ट्रंक खाली ओढली, उघडली, आतलं पुडकं काढून त्यांना दाखवलं आणि पुन्हा कपड्यांखाली नीट ठेवलं. त्यांनी मान हलवली. गाडी हलली, तशा त्या खिडकीबरोबर चार पावलं चालत गेल्या आणि थांबल्या. मग राहीचा हात धरून बाजाराच्या वाटेला लागल्या, कारण पोती उघडी टाकून आल्या होत्या.